लेखक पोटासाठी काय करतो?

आमच्या महाविद्यालयाचा वार्षिकांक काढण्याचे काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्याने तीन कविता दिल्या. कविता चांगल्या होत्या. आमच्या अंकात प्रत्येक लेखनाखाली लेखकाचा दोन ओळींचा परिचय छापण्याची प्रथा आहे. त्याने तो दिला नव्हता. मी मागितला तेव्हा म्हणाला, "सर, त्यात काय लिहू?" हा मुलगा रात्री दहा ते सकाळी सहा पेट्रोल पंपावर काम करतो आणि आठच्या तासाला वर्गात येऊन बसतो. मी म्हटले, "जे करतोस ते लिही." तो हसला. म्हणाला, "पेट्रोल भरतो असं लिहिलं तर कविता कोण वाचंल? तुमच्यासारखा प्राध्यापक झालो की मग लिहीन परिचय."

त्याने हे थट्टेने म्हटले नव्हते, म्हणूनच ते मला अधिक लागले. माझी पहिली कविता एका अंकात छापून आली तेव्हा परिचयात मी दोन पदव्या लिहिल्या होत्या आणि पुढे 'प्राध्यापक' असा शब्द टाकला होता. त्या वेळी मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवसांत लग्नाच्या पंगतीत वाढप्याचे काम करत होतो. माझे वडील आडत बाजारात हमाल. घरात पहिला पदवीधर मी. यातले एक अक्षरही त्या परिचयात नव्हते. म्हणजे जे माझ्या विद्यार्थ्याने तोंडाने बोलून दाखवले तेच मी न बोलता केले होते. लेखक पोटासाठी काय करतो हे सांगण्याची आपल्याला लाज का वाटावी, आणि ते सांगितल्याने लेखनाविषयी कोणती गोष्ट कळते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. केवळ लेखनावर पोट भरणारे लेखक मराठीत अगदी थोडे झाले. केशवसुत शाळेत शिकवत होते. वि. स. खांडेकरांनी कादंबऱ्या लिहिल्या त्या शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करता करता. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. मराठी वाचकवर्ग लहान, पुस्तकाच्या प्रती थोड्या, मानधन तुटपुंजे. त्यामुळे लेखकाला दुसरे काम असणे हा येथे नियमच आहे. तेव्हा दलित लेखकाला नोकरी करावी लागली यात त्याचे वेगळेपण नाही. वेगळेपण आहे ते त्या कामाच्या जातीत. पांढरपेशा लेखकाचे काम बहुधा लेखणीच्या शेजारचे असते. शाळा, कचेरी, वृत्तपत्र, आकाशवाणी येथे कागद असतो, टेबल असते, चार वाचणारी माणसे आसपास असतात. कामाची जागा आणि लेखनाची जागा यांत फार अंतर पडत नाही. ज्याचे काम ओझ्याचे, घाणीचे, रात्रीचे किंवा परक्याच्या दारातले आहे, त्याला लेखणीपर्यंत चालत यावे लागते. हे अंतर ज्याला मोजता येत नाही त्याला दलित साहित्याचा इतिहास कळणार नाही.

हे अंतर फार जुने आहे. वारकरी संतांच्या मांदियाळीत प्रत्येकाचा धंदा नावालाच चिकटलेला आहे. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. यांचे धंदे बलुत्याच्या उतरंडीतले असले तरी हातात कसब देणारे होते. चोखोबांच्या वाट्याला आले ते धंदा नव्हता, वेठ होती. मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीने राबत असता कूस कोसळून १३३८ साली ते त्याखाली गेले असे परंपरा सांगते. मराठीतील या पहिल्या महार कवीचा मृत्यू कामावर झाला, आणि ते काम त्याने निवडलेले नव्हते. परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. चोखोबांचे अभंग लिहून घेणारा अनंतभट्ट होता. राबणारा एक आणि लेखणी धरणारा दुसरा, ही विभागणी त्या काळापासून पडलेली दिसते. पुढील सहाशे वर्षांत राबणाऱ्याच्या हातात लेखणी येण्यासाठी कोणकोणती दारे उघडली, हे लेखकांच्या पोटधंद्यांवरून ओळीने सांगता येते.

पहिले दार शाळेचे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला धंदा नव्हता, ती विद्यार्थिनी होती. पण त्या वयात मोळी किंवा शेण वेचण्याऐवजी ती पाटीवर अक्षरे गिरवत होती, म्हणूनच मांग-महारांचे दुःख मांग मुलीच्या हातून कागदावर आले.

दुसरे दार लष्कराचे. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या इंग्रजी फलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. याच पिढीतले गोपाळबाबा वलंगकर. फलटणीतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले असता त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यामागे लष्करी पेन्शन होते. गावगाड्यावर पोट अवलंबून नव्हते, म्हणून गावगाड्याला प्रश्न विचारता आले. पुढे १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली आणि हे दार लागले. पुण्यात 'सोमवंशीय मित्र' १९०८ साली सुरू करणारे शिवराम जानबा कांबळे बटलरची नोकरी करत. साहेबाच्या स्वयंपाकघरातून वर्तमानपत्राच्या संपादकापर्यंत ते आले. गावात पाटलाच्या वाड्यावर येसकरकी करत राहिले असते तर संपादक झाले नसते.

तिसरे दार मुंबईच्या गिरणीचे. हे दार पूर्ण उघडलेले नव्हते, हे सांगितले पाहिजे. गिरणीत साचेखात्यात मजुरी जास्त, पण धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा चालणार नाही म्हणून त्या खात्यात त्याला प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला होता. असे असूनही गिरणीने एक गोष्ट केली. तिने माणसाला गावातून उचलले आणि चाळीत आणून ठेवले. चाळीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, सभा होत, जलसे होत, युनियन होती. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आईबापांबरोबर पायी चालत मुंबईस आले. शाळेचे तोंड त्यांनी दीड दिवसच पाहिले. मुंबईत त्यांनी पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. अक्षरओळख त्यांना झाली ती या शहरात. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. १९५९ साली 'फकिरा' आली. १९५८ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. वामनदादा कर्डक हेही मुंबईच्या कष्टकरी वस्तीतच अक्षरे शिकले. कोणी पत्र वाचून दाखव म्हणून आणले आणि आपल्याला ते वाचता येत नाही याची लाज वाटून त्यांनी तरुणपणी बाराखडी गिरवली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. नारायण सुर्वे यांची जात कोणाला माहीत नाही. ते गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेले मूल. गिरणीत राबून, महापालिकेच्या शाळेत शिपाई होऊन, पुढे तेथेच शिक्षक होऊन त्यांनी १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह दिला आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

चौथे दार सरकारी आणि निमसरकारी नोकरीचे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखून ठेवण्याचा निर्णय १९४३ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना झाला. त्यानंतरच्या पिढीत रेल्वे, पोस्ट, बँका, सरकारी कचेऱ्या येथे दलित तरुण शिरले. बाबुराव बागूल १९६८ पर्यंत रेल्वेत होते. १९६३ साली आलेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहातील त्याच नावाच्या कथेचा नायक रेल्वेतला नोकर आहे. नोकरी मिळाली पण परगावात भाड्याची खोली मिळत नाही, असा तिचा पेच आहे. नोकरीचे दार उघडले तरी उंबरठ्याच्या आत जात उभी असते, ही गोष्ट रेल्वेत नोकरी केलेला लेखकच इतक्या बारकाईने लिहू शकला. दया पवार मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि नंतर रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात होत्या. शरणकुमार लिंबाळे टेलिफोन ऑपरेटर होते, मग आकाशवाणीत आणि मुक्त विद्यापीठात गेले.

पाचवे दार महाविद्यालयाचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली निघाली, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली. या दारातून आलेला लेखक शिकवणारा होता, संपादक होता, समीक्षक होता. गंगाधर पानतावणे, म. ना. वानखेडे, प्र. ई. सोनकांबळे, केशव मेश्राम ही नावे येथे आठवतात. शंकरराव खरात हे तर या सगळ्या दारांतून एकाच आयुष्यात गेले म्हटले तरी चालेल. आटपाडीच्या महारवाड्यात तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

ही यादी मी कौतुकासाठी दिलेली नाही. प्रस्थापित समीक्षेला अशा याद्या फार आवडतात. अमुक कवी टॅक्सी चालवत होता, तमुक लेखक सूतगिरणीत होता, असे पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापले की वाचकाला नवलाई वाटते. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली हे ज्याला त्याला ठाऊक असते, पण 'गोलपिठा'मधील शब्द ज्या वस्तीतून आले त्या वस्तीत तो मुलगा का वाढला, त्याचा बाप खेड तालुक्यातले गाव सोडून खाटकाकडे कामाला का आला, हे विचारण्याचे श्रम थोडेच घेतात. धंदा हा लेखकाच्या अंगावरचा अलंकार नाही. त्याच्या लेखनाला किती वेळ मिळाला, कोणते रूप मिळाले आणि कोणते शब्द मिळाले, याचा तो हिशेब आहे. या तीन गोष्टी क्रमाने पाहू.

वेळेची गोष्ट स्त्रियांच्या लेखनात सर्वांत स्पष्ट दिसते, कारण त्यांना पोटाचे काम आणि घरचे काम अशी दोन कामे असतात. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा मालाचे लहान दुकान चालवत. माल बांधण्यासाठी आलेली रद्दी त्या वाचत आणि दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेले घरच्यांना दिसू नये म्हणून वह्या लपवून ठेवत. सुमारे वीस वर्षे असे गेले. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. शांताबाई कांबळे १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या, पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ साली निवृत्त झाल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' त्यानंतरची आहे, पुस्तक १९८६ चे. म्हणजे एका बाईला लिहिण्यासाठी गिऱ्हाइकांमधल्या फटी मिळाल्या आणि दुसरीला निवृत्तीपर्यंत थांबावे लागले. दलित स्त्रियांची आत्मकथने पुरुषांच्या नंतर का आली, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो. विद्यार्थी जाणिवा, अस्मिता वगैरे शब्दांत उत्तरे लिहितात. एक साधे उत्तर असे की त्यांना वेळ नव्हता. कुमुद पावडे यांच्या वाट्याला वेगळाच अडथळा आला. संस्कृतात पारंगत होऊनही जातीमुळे नोकरी मिळत नव्हती. ती मिळाली लग्नानंतर, वरच्या जातीचे आडनाव लागल्यावर. 'अंतःस्फोट'मध्ये त्यांनी हे स्वतःच नोंदवले आहे. येथे लेखणी हाती होती, विद्या होती, फक्त दार उघडायला आडनाव दुसऱ्याचे लागले.

रूपाची गोष्ट अशी की, माणूस जेवढ्या वेळात आणि जशा जागी लिहितो तसे लेखनाचे रूप घडते. कष्टकऱ्यांच्या वस्तीत लिहिणाऱ्याने पोवाडा, लावणी, गाणे जवळ केले, कारण ते पाठ होते, कामावर गुणगुणता येते, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही देता येते. वामनदादांची गाणी पुस्तकात येण्याआधी हजारो माणसांच्या तोंडी होती. कोकणातील प्राथमिक शिक्षक माधव कोंडविलकर यांनी १९७९ साली 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' दिले ते रोजनिशीच्या रूपात. शाळा सुटल्यावर त्या त्या दिवसाचे लिहायचे, हे मास्तरच्या दिनक्रमात बसणारे रूप आहे. मोठी, सलग, शेकडो पानांची कादंबरी ही सवड मागते. दलित साहित्यात कविता आणि आत्मकथन जास्त, कादंबरी कमी, अशी तक्रार करणाऱ्यांनी लेखकाच्या कामाचे तासही मोजावेत. अण्णा भाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या हा या नियमाला अपवाद आहे खरा. पण त्यासाठी त्यांना काय किंमत द्यावी लागली, हे घाटकोपरच्या चिरागनगरमधील त्यांची झोपडी सांगते.

तिसरी गोष्ट शब्दांची. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांची नावे ओळीने वाचून पाहावीत. 'बलुतं' (१९७८) म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीला पदरात पडणारा दाण्यांचा वाटा. 'तराळ-अंतराळ' (१९८१) मधला तराळ म्हणजे गावाची वर्दी देणारा महार. 'उचल्या' (१९८७) म्हणजे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या लोकांना गावाने दिलेले नाव. ते लिहिणारे लक्ष्मण गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामगार होते. 'आयदान' (२००३) म्हणजे बांबूच्या कामट्यांची भांडी, जी ऊर्मिला पवारांची आई विणून विकत होती. 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिणारा डॉक्टर झाला, पण पुस्तकाच्या नावात डॉक्टर नाही. पांढरपेशांच्या आत्मचरित्रांत आठवणी असतात, प्रवास असतो, वाटचाल असते. धंदा नावापर्यंत क्वचितच येतो. आमच्या लेखकांनी मात्र तो मुखपृष्ठावर आणला. महारकी वतन नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात बिल मांडले. ती वतने गेली १९५८ च्या कायद्याने. कायद्याने जे काम संपवले त्याचा हिशेब साहित्याने वीस वर्षांनी मागितला, आणि तो मागताना त्या कामाचेच नाव वापरले. जे नाव शिवी म्हणून दिले गेले ते पुस्तकाचे शीर्षक झाले. लाज धंद्याची नसून तो लादणाऱ्यांची आहे, हे सांगण्याची याहून सरळ रीत कोणती असणार?

असे असताना आजच्या विद्यार्थ्याला परिचयात आपले काम लिहिताना लाज का वाटते? याचे उत्तर शोधताना आपल्याकडेही बोट दाखवावे लागते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत दलित साहित्यातील लेखक, समीक्षक, संपादक, संमेलनाचे वक्ते यांत महाविद्यालयीन शिक्षकांचा भरणा फार झाला आहे. यात मीही आलो. या वर्गाने काम केले नाही असे नाही. ज्या काळात प्रस्थापित नियतकालिके आमचे लेखन परत पाठवत होती त्या काळात शिक्षकांनीच पदरमोड करून अंक चालवले. पण एकाच दारातून सर्व लेखक येऊ लागले की साहित्याचे अनुभवविश्व आक्रसते. सफाई कामगार, ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरची बाई, दुचाकीवरून घरोघरी माल पोचवणारा तरुण यांच्याविषयी आपण लिहितो. ते स्वतः लिहिताना फारसे दिसत नाहीत. आपण त्यांचे अनंतभट्ट होऊ लागलो आहोत, आणि तेही त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून न घेता.

दुसऱ्या बाजूने, जी दारे उघडली होती ती मिटत चालली आहेत. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. गिरणीबरोबर चाळीतली सभा, जलसा आणि मोठ्याने वाचले जाणारे वर्तमानपत्रही गेले. सरकारी कचेऱ्यांत शिपाई, सफाई, सुरक्षा ही कामे कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटात ना राखीव जागा ना पेन्शन. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तासांप्रमाणे पैसे मिळतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही. मी अशी सहा वर्षे काढली आहेत. त्या सहा वर्षांत मी चार कविता लिहिल्या. वलंगकरांच्या पुस्तिकेमागे पेन्शन होते, हे वाक्य मी वर सहज लिहिले, पण त्याचा अर्थ मला त्या सहा उन्हाळ्यांत कळला. ज्याला पुढच्या महिन्याची शाश्वती नाही तो मालकाविरुद्ध, गावाविरुद्ध, संस्थाचालकाविरुद्ध काय लिहील? म्हणून लेखकाच्या नोकरीचा प्रश्न हा नोकरदारांच्या संघटनेपुरता प्रश्न नाही, तो साहित्याचा प्रश्न आहे.

मग करायचे काय? मोठे कार्यक्रम सुचवण्याचा माझा अधिकार नाही. माझ्या आवाक्यातल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या नियतकालिकांनी लेखकाच्या परिचयात पदव्या आणि पुरस्कार यांच्या आधी तो पोटासाठी काय करतो व त्याचे आईबाप काय करत होते हे छापावे. हे नवलाईसाठी करायचे नाही. एकाने लिहिले की दुसऱ्याला लिहिण्याचा धीर येतो, आणि पन्नास वर्षांनी कोणाला या काळाचा हिशेब मांडायचा असेल तर त्याला साधन मिळते. दुसरी गोष्ट आम्हा शिकवणाऱ्यांची. ज्यांना लिहिता येते पण वेळ नाही, आणि ज्यांना सांगता येते पण लिहिता येत नाही, अशी माणसे आपल्या वर्गात आणि त्यांच्या घरी आहेत. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली ती मराठीला मिळाली. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आईची एक हकिकत तिच्याच शब्दांत उतरवून ठेवली आहे? मी ठेवलेली नव्हती. या दिवाळीत सुरुवात केली. आईने आधी विचारले, "याचं पैसं मिळत्यात का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग रात्री सांगते, दिवसा काम हाय."

त्या विद्यार्थ्याच्या कविता वार्षिकांकात आल्या. परिचयासाठी मी त्याच्या मागे लागलो तेव्हा आधी माझा परिचय मी त्याला सांगितला, वाढप्याच्या कामासकट. दोन दिवसांनी त्याने चिठ्ठी आणून दिली. ती आम्ही जशीच्या तशी छापली: रात्री पेट्रोल पंपावर काम, सकाळी बी. ए. द्वितीय वर्ष, वडील वीटभट्टीवर, कविता पहाटे तीन ते पाच, गाड्या कमी असतात तेव्हा.